लाल शाल, चांदणं आणि लांडग्याचे डोळे

ताई, नमस्कार.

मी नाशिकला असते. दिवसा नोकरी, रात्री लेखन. सध्या पहिली कादंबरी लिहितेय. कथानक १६९२ सालचं, लिव्होनियातलं, म्हणजे आजच्या लॅटव्हियाच्या भागातलं. थीस नावाच्या म्हाताऱ्यावर तिथे वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस, असल्याचा खटला चालला होता. त्याबद्दल वाचलं आणि विषय डोक्यातून जाईना. माझा नायक यानिस शेतकऱ्याचा मुलगा आहे. पौर्णिमेला तो लांडगा होतो, पण मन माणसाचंच राहतं. तिसऱ्या प्रकरणात मध्यरात्री तो एका मुलीवर झेप घेणार, इतक्यात चांदण्यात तिची लाल शाल त्याला दिसते. ही आपली बहीण इल्झे आहे हे ओळखून तो थबकतो. पुढची सगळी गोष्ट या प्रसंगावर उभी आहे.

मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, लांडग्यांना फक्त काळं-पांढरं दिसतं. त्याला लाल कसं कळणार?" तेव्हापासून गाडी अडलीय. घरचे म्हणतात, वेअरवुल्फच खोटा, मग त्याच्या डोळ्यांचा हिशेब कशाला? पण मला चैन पडत नाही. वेअरवुल्फला रंग कसे दिसतील? माणसासारखे, लांडग्यासारखे, की तिसरंच काही? आणि माझा प्रसंग टिकेल का?

– अडलेली लेखिका, नाशिक

नाशिकच्या लेखिकेस,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रसंग टिकेल, पण मध्यरात्री टिकणार नाही. तो तुला पहाटेवर न्यावा लागेल. आणि त्या पहाटे यानिस लाल शाल पाहून थबकणार नाही. लाल शाल दिसली नाही म्हणून तो जवळजवळ चुकेल. हे असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण कारणं कळली तर प्रसंग तू माझ्यापेक्षा चांगला लिहिशील.

आधी घरच्यांच्या शंकेबद्दल. माणसाचा लांडगा होतो, एवढं वाचक पहिल्या पानावर कबूल करतो. त्याच्यापुढे मात्र तो बारीक नजर ठेवून असतो. बर्फ कसा पडतो, भूक कशी लागते, अंधारात काय दिसतं, हे त्याला ठाऊक असतं आणि तिथे लेखक ढिला पडला की त्याचा विश्वास उडतो. त्यामुळे तुझी बेचैनी योग्य आहे. ती सोडू नकोस.

आता मैत्रिणीचं म्हणणं. लांडग्याला फक्त काळं-पांढरं दिसतं, हा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंगाचं ज्ञान नसतं. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग त्यांच्यामुळे कळतात. माणसाकडे शंकूपेशी तीन जातींच्या. एक ४२० नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरींची लांबी मोजायचं एकक) आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते, दुसरी ५३० च्या आसपासच्या हिरव्याला, तिसरी ५६० च्या आसपासच्या पिवळसर प्रकाशाला. दुसरी आणि तिसरी एकमेकींच्या किती जवळ आहेत बघ. त्या दोघींच्या प्रतिसादातल्या लहानशा फरकावरून आपला मेंदू लाल आणि हिरवा वेगळे काढतो.

कुत्र्याकडे शंकूपेशी दोनच जातींच्या असतात. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जे नाइट्झ, टिमथी गाइस्ट आणि जेरल्ड जेकब्स यांनी कुत्र्यांना रंगीत प्रकाशाच्या तबकड्यांमधून वेगळी तबकडी निवडायला शिकवलं आणि मोजून दाखवलं की त्यांची एक शंकूपेशी ४२९ च्या जवळ आहे आणि दुसरी ५५५ च्या जवळ. चार वर्षांनी जेकब्स आणि सहकाऱ्यांनी कोल्ह्यांचे डोळे तपासले, तिथेही हीच जोडी निघाली. कुत्रा म्हणजे लांडग्याचाच माणसाळलेला वंशज आणि कोल्हा त्या कुळातली लांबची शाखा. या दोन्ही टोकांना एकच जोडी असेल तर मधल्या लांडग्याचंही तेच गृहीत धरायला काही हरकत नाही.

दोन शंकूपेशींचं जग म्हणजे निळ्या आणि पिवळ्याचं जग. आकाश निळं, जांभळी फुलंही निळी. गवत पिवळट, नारिंगी पिवळा, लाल म्हणजे मळकट, काळपट पिवळा-तपकिरी. आणि निळ्या-हिरव्याच्या मध्ये, ४८० च्या आसपास, एक रंग असा आहे की तो लांडग्याला रंगच वाटणार नाही. आपल्याला जो मोरपिशी दिसतो, तिथे त्याला राखाडी दिसेल. म्हणजे त्याच्याकडे राखाडी आहे, पण सगळं जग राखाडी नाही. शिवाय आहेत ते रंग तो वापरतो. २०१३ मध्ये रशियातल्या संशोधकांनी कुत्र्यांना रंग आणि उजळपणा यांपैकी एकाच्या आधारे खाऊचा डबा ओळखायला लावलं, तेव्हा बहुतेक वेळा कुत्र्यांनी उजळपणा सोडून रंगावर भरवसा ठेवला. लांडग्याची प्रकरणं राखाडीत रंगवणारा लेखक त्याचं अर्धं जग पुसून टाकतो.

याचा रानातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. हिरव्या पानांवर लाल ठिपका आपल्या डोळ्यांत चटकन भरतो. लांडग्याला दोन्ही एकाच पिवळ्या-तपकिरी कुळातले दिसतात, फरक फक्त उजळ-गडदपणाचा. उन्हाळ्यातलं लालसर अंगाचं रो हरीण हिरव्या रानात आपल्याला उठून दिसतं, त्याला दिसत नाही. हललं की लगेच दिसतं. आपल्याकडे ताडोबातल्या वाघाचा नारिंगी रंग चितळापासून लपतो तोही याच कारणाने, चितळाकडेही शंकूपेशी दोनच जातींच्या. तेव्हा तुझ्या यानिसने गवतावरचं रक्त "लालभडक" पाहिलं असं कुठे लिहिलं असशील तर ते काढ. रक्त त्याला नाकाने कळेल. डोळ्यांना दिसेल ते गवतावरचं एक ओलं, गडद धब्ब्यासारखं काही.

आता रात्र. या बाबतीत तुझी मैत्रीणही चुकली आणि तूही चुकतेयस.

लक्स हे उजेड मोजायचं एकक. भर पौर्णिमेचं चांदणं म्हणजे सुमारे पाव लक्स प्रकाश. दुपारच्या उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात असतो. म्हणजे पौर्णिमेची रात्र दुपारपेक्षा साधारण चार लाख पट काळोखी. एवढ्या प्रकाशात माणसाच्या शंकूपेशी जेमतेम जाग्या असतात आणि कारभार जवळजवळ पूर्ण दंडपेशींकडे गेलेला असतो. दंडपेशींची सर्वांत जास्त संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्याला. गडद लाल प्रकाश त्यांना जवळपास कळतच नाही. म्हणून चांदण्यात लाल वस्तू काळी दिसते आणि निळी-हिरवी वस्तू त्या मानाने उजळ. चंद्रप्रकाश खरं तर सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळसर-लालसर असतो, तरी आपल्याला चांदणी रात्र निळसर वाटते, त्याच्यामागेही डोळ्यांची हीच अदलाबदल आहे. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये हे टिपून ठेवलं: पहाटे उजाडायला लागलं की निळे रंग आधी दिसायला लागतात, आणि दिवसा सर्वांत झळझळीत असणारा लाल बराच वेळ काळाच राहतो.

आणि लांडग्याच्या दंडपेशी? त्यांचंही शिखर ५०० च्या जरासं पुढेच आहे. म्हणजे रंगाच्या बाबतीत पौर्णिमेच्या मध्यरात्री माणूस आणि लांडगा जवळजवळ एकाच पंगतीत बसतात. दोघांनाही लाल शाल काळी दिसते. फरक आहे तो उजेडाच्या प्रमाणात. लांडग्याची बाहुली मोठी उघडते, दंडपेशींची दाटी जास्त, आणि दृष्टिपटलाच्या मागे टेपेटम नावाचा चकाकता थर. एकदा निसटलेला प्रकाश तो थर परत पेशींवर टाकतो. त्यामुळे माणसाला जिथे नुसता झाडांचा काळा ढीग दिसतो, तिथे लांडग्याला खोड, फांदी, मधली वाट असं सगळं सुटं दिसतं.

म्हणजे तुझ्या प्रसंगातली अडचण अशी की त्या रात्री इल्झेची शाल लाल आहे हे यानिसला माणूस असतानाही ओळखता आलं नसतं. बर्फावर ती पांढऱ्यावर काळी आकृती दिसेल, स्पष्ट दिसेल, पण काळी.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. पुढच्या पौर्णिमेला शहराच्या दिव्यांपासून लांब कुठेतरी जा. त्र्यंबकच्या बाजूला एखादं माहितीचं शेत असेल तर उत्तम, आणि कोणाला तरी सोबत ने. बरोबर दोन कापडं घे, एक लाल, एक निळं, दिवसा दोन्ही सारख्याच गडद वाटतील अशी निवडून. पिशवीतून काढल्यावर लगेच बघू नकोस. मोबाइल खिशात ठेव आणि चांगली वीस-पंचवीस मिनिटं नुसती बसून राहा, कारण शंकूपेशी अंधाराला दहाएक मिनिटांत सरावतात पण दंडपेशींना अर्ध्या तासाच्या आसपास लागतं. मग कापडं पांढऱ्या पंचावर शेजारी शेजारी पसर. लाल कापड जणू पंचाला भोक पडल्यासारखं दिसेल. निळं राखाडी होईल, पण त्याच्या घड्या आणि कडा दिसत राहतील. आणखी एक गोष्ट कर: लाल कापडाकडे थेट बघ, मग नजर जराशी बाजूला वळव. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर माणसाकडे दंडपेशी नसतात, म्हणून अंधारात थेट पाहिलेली वस्तू विरते आणि तिरक्या नजरेला परत येते. हे सगळं वहीत लिहून ठेव, कारण रूपांतराच्या आधीचा यानिस असंच पाहणार आहे. आणि चुलीशेजारून उठून तो बाहेर आला असेल तर पहिली काही मिनिटं तो जवळजवळ आंधळा आहे. हेही तुझ्या कामाचं आहे.

मग माणूस आणि लांडगा यांच्यातला रंगाचा फरक नेमका कधी उघडा पडतो? उजाडताना. शंकूपेशी जाग्या होतात तेव्हा. मध्यरात्री यानिसला काही हरवल्याचं कळणारच नाही, कारण रात्री लाल नसतोच. पण आकाश फिकट व्हायला लागलं, बर्फ निळा झाला, आणि लहानपणापासून ज्या क्रमाने रंग परत येताना त्याने पाहिलेत त्या क्रमाने ते यायला लागले की आधी निळा येईल, मग पिवळा. आणि लाल येणार नाही. तो वाट पाहील आणि लाल येणार नाही. तुझ्या कादंबरीचा कणा मला इथे दिसतो.

त्यासाठी तुझ्या हाताशी एक विलक्षण योगायोग आहे, तो सांगायलाच हवा. थीसने आपल्या जबानीत वेअरवुल्फ वर्षातून तीन रात्री बाहेर पडतात असं सांगितलं होतं: संत लुसियाची रात्र, पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण आणि संत योहानाची रात्र. पौर्णिमेशी त्याने याचा संबंध जोडला नव्हता. त्याच्या मते ते देवाचे शिकारी कुत्रे होते, चेटक्यांनी नरकात पळवलेलं धान्य परत आणायला जायचे. ऐंशीच्या पुढचा हा म्हातारा न्यायाधीशांपुढे शेवटपर्यंत हेच सांगत राहिला आणि त्याला फटक्यांची शिक्षा झाली. आता, लिव्होनिया तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं आणि तिथे जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची. १६९२ मधली तिथली १३ डिसेंबरची लुसियाची रात्र म्हणजे आजच्या मोजणीने २३ डिसेंबर, हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रींपैकी एक. आणि चंद्राचा हिशेब मागे नेला तर त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता. खटला गाजला त्याच वर्षी! थीसची रात्र आणि तुझी पौर्णिमा, दोन्ही एकत्र मिळताहेत.

संत योहानाची, जूनमधली रात्र मात्र घेऊ नकोस. त्या अक्षांशावर, साधारण ५७ अंश उत्तरेला, जूनमध्ये रात्र नीट अंधारतच नाही आणि पौर्णिमेचा चंद्र क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो, झाडांच्या आडच राहतो. डिसेंबरात उलट. चंद्र पन्नास अंशांच्याही वर चढतो, खाली बर्फ असेल तर तोही प्रकाश परतवतो. सूर्य साडेआठच्या पुढे उगवतो आणि त्याआधी जवळजवळ पाऊण तास चांगला संधिप्रकाश असतो. पौर्णिमेचा चंद्र मावळतो तो सूर्योदयाच्या सुमाराला. यानिसचं रूप चंद्र असेपर्यंत लांडग्याचं राहतं असा नियम ठेवलास तर तो पूर्ण पाऊण तास लांडग्याच्या डोळ्यांनी उजाडताना पाहणार आहे. लांब रात्र, उंच चंद्र आणि बर्फ अशी सगळी सोय तुला उन्हाळ्यात मिळाली नसती.

आता तुझा खरा प्रश्न: माणसासारखे, लांडग्यासारखे, की तिसरंच? उत्तर यावर अवलंबून आहे की रूपांतर कुठे थांबतं असं तू ठरवतेस. डोळे बदलतात की नाहीत? आणि मेंदू? रोमन कवी ओव्हिडने लायकाओन राजाचा लांडगा झाला ती गोष्ट सांगताना म्हटलंय की पिकलेले केस तेच, चेहऱ्यावरचा हिंसकपणा तोच, चकाकणारे डोळे तेच. हा मार्ग घेतलास तर यानिसला रंग माणसाचेच दिसतील, पण रात्री तो लांडगा म्हणून अधू ठरेल, झाडांवर आदळेल. सगळंच लांडग्याचं केलंस तर हरवलेल्या लालची त्याला आठवणच राहणार नाही आणि तुझा प्रसंग संपला. तू मन माणसाचं ठेवलंयस. तेव्हा डोळे लांडग्याचे, मेंदू माणसाचा, हाच पर्याय मला सर्वांत श्रीमंत वाटतो.

तिथे काय घडेल याचा थोडा अंदाज खऱ्या माणसांवरून करता येतो. १९५८ मध्ये ग्रॅहॅम आणि श्या या संशोधकांनी एका बाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा एक डोळा नेहमीसारखा होता, दुसरा लाल-हिरव्याला आंधळा. तिला दोन्ही जगं ठाऊक होती आणि ती तुलना करून सांगू शकत होती: अधू डोळ्याला सगळे रंग निळा नाहीतर पिवळा या दोनच छटांमध्ये दिसतात. जवळजवळ लांडग्याचंच जग, आणि ते शब्दांत सांगणारी व्यक्ती. तुझ्या यानिसची सर्वांत जवळची नातेवाईक तीच.

दुसरा दाखला जॉन डाल्टनचा, अणुसिद्धान्त मांडणारा तोच डाल्टन. १७९४ मध्ये मँचेस्टरला त्याने स्वतःच्या रंगदृष्टीवर निबंध वाचला. विशीत येईपर्यंत आपल्याला इतरांसारखे रंग दिसत नाहीत हे त्याला समजलंच नव्हतं. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी निळं दिसायचं. एकदा मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं तर निळ्याचा मागमूस नाही, फूल लाल म्हणतात त्या रंगाचं. भोवतालच्या लोकांना असा काही बदल दिसेना, फक्त त्याच्या भावाला दिसला. मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या त्याच्या डोळ्याची १९९५ मध्ये जनुकीय तपासणी झाली, तेव्हा हिरव्याला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं हे सिद्ध झालं. यातून तुला दोन गोष्टी मिळतात. एक, ज्याने लाल कधी पाहिलाच नाही त्याला त्याची उणीव कळत नाही. यानिसने पाहिलाय, म्हणून त्याला छळणार. दोन, दिव्याचा उजेड बदलला की दोन शंकूपेशींच्या डोळ्याला तीच वस्तू चक्क दुसऱ्या रंगाची दिसू शकते. झोपडीच्या खिडकीतून आत पाहणाऱ्या लांडग्याचा प्रसंग लिहायचा असेल तर चरबीच्या मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात निळ्या वस्तू काळवंडतील आणि माणसांचे चेहरे सगळे एकाच पिवळ्या छटेत येतील.

उलट दिशेचाही दाखला आहे. २००९ मध्ये त्याच जे नाइट्झ यांच्या गटाने जन्मतः लाल-हिरव्याला आंधळ्या असलेल्या दोन प्रौढ स्क्विरल माकडांच्या डोळ्यांत उणीव असलेलं जनुक सोडलं. एका माकडाचं नाव डाल्टनच ठेवलं होतं. काही महिन्यांनी ती माकडं लाल-हिरवे ठिपके ओळखायला लागली. म्हणजे प्रौढ मेंदूसुद्धा नवा रंग वापरात आणू शकतो, पण त्याला काळ लागला, कारण शंकूपेशींत ते रंगद्रव्य साचायला हवं होतं. यानिस सकाळी माणूस झाल्यावर लाल लगेच परत येतो की दिवसभर हळूहळू येतो, हे ठरवायचा अधिकार तुझा. मी असते तर हळूहळू आणला असता, आणि त्या दिवशी त्याला कणाकणाने घावासारखा टोचू दिला असता.

आता डोळ्यांच्या चकाकण्याबद्दल थोडं, कारण तुझ्या मसुद्यात ते कुठेतरी असणारच. लांडग्याचे डोळे स्वतःहून पेटत नाहीत. टेपेटम प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो, म्हणून ते हिरवट-पिवळे चमकतात ते फक्त ज्याच्या हातात, चेहऱ्याजवळ दिवा आहे त्यालाच. इल्झेने कंदील डोळ्यांच्या उंचीवर धरला तर तिला दिसतील. दहा पावलं बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसणार नाहीत. गल्लीतल्या कुत्र्यावर विजेरी टाकून बघ, विजेरी कपाळाशी आणि मग कमरेशी धरून, लगेच समजेल. आणि या थराची किंमत असते: प्रकाश दोनदा पेशींमधून जातो तेव्हा थोडा विखुरतो, प्रतिमा पुसट होते. माणसाला २३ मीटरवरून जे सुस्पष्ट दिसतं ते तितकं स्पष्ट पाहायला कुत्र्याला साधारण ६ मीटरवर यावं लागतं. मानवी मनाच्या यानिसला चेहरे वाचायची सवय आहे आणि आता लांबून चेहरा वाचता येत नाही. हेही त्याच्या चुकीला पोषक आहे. हालचाल मात्र तो फार लांबून टिपेल, आणि क्षितिजाच्या आडव्या रेषेवर सर्वांत चांगली, कारण लांडग्याच्या दृष्टिपटलावर पेशींची दाटी आडव्या पट्ट्यात असते.

एक अधिक भर घालायची असेल तर अतिनील प्रकाशाची घाल. आपलं नेत्रभिंग अतिनील किरण अडवतं. २०१४ मध्ये डग्लस आणि जेफरी यांनी दाखवलं की कुत्र्याचं भिंग त्यातले बरेच आत सोडतं. ताजा बर्फ अतिनील प्रकाश जोरात परतवतो, आणि बर्फावरच्या लघवीच्या खुणा तो शोषतात. लांडग्यासाठी ती खूण गंधाची तर आहेच, पण उजाडल्यावर पांढऱ्यावर गडद डाग म्हणूनही ती त्याला आपल्यापेक्षा जास्त उठून दिसू शकते. हा तुकडा एखाद्या वाक्यापुरताच ठेव. जास्त वापरलास तर गोष्ट प्रयोगशाळेत जाईल.

आता तिसरं प्रकरण. शाल लालच ठेव, मुळांपासून काढलेल्या रंगाने रंगवलेली. त्या भागात लोकर लाल करायला मंजिष्ठेच्याच कुळातल्या गॅलियम या रानवनस्पतीची मुळं वापरत. पण तिच्या काठाला निळा दोरा घाल, आणि तो काठ यानिसच्या आईने विणलाय हे पहिल्या प्रकरणातच सांगून टाक, सहज, रंगाचा गाजावाजा न करता. मध्यरात्री तो तिला लांबून एकदा पाहतो: बर्फावर काळी आकृती, बस. मागावर राहतो. वाऱ्याची दिशा तिच्याकडून त्याच्याकडे ठेवू नकोस, नाहीतर नाक तिला लगेच ओळखेल आणि डोळ्यांना कामच उरणार नाही. उजाडतं. स्प्रूसची झाडं पिवळट होतात, बर्फ निळा. इल्झे घरातून लाल शाल घेऊन निघालीय हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो लालच शोधतोय, आणि समोरच्या मुलीच्या अंगावर तर मळकट तपकिरी काहीतरी आहे. म्हणजे ही इल्झे नाही. त्याचं माणसाचं मनच त्याला हे पटवून देतं. झेपेसाठी अंग आक्रसतं, आणि वाऱ्याने शाल उलटते, निळा काठ दिसतो. निळा त्याला आपल्याइतकाच निळा दिसतो.

मग त्याला काय कळतं आणि कोणत्या क्रमाने, ते तू लिही. मला एवढंच सुचवायचंय की "लाल" हा शब्द लांडग्याच्या प्रकरणांतून काढून टाकू नकोस. यानिसला तो माहीत आहे, तो त्याला शोधतोय, म्हणून तो शब्द यायलाच हवा. फक्त समोरच्या कुठल्याही वस्तूला चिकटू नये. रक्ताला नाही, शालीला नाही, उगवत्या सूर्यालाही नाही. सूर्य त्याला पिवळाच दिसणार आहे.

पौर्णिमेला कापडं घेऊन जाऊन आलीस की काय दिसलं ते कळव, आणि तिसरं प्रकरण नव्याने लिहून झालं की पाठव. मैत्रिणीलाही वाचून दाखव. तिने शंका काढली म्हणूनच हे सगळं निघालं.

तुझी,
ताई